जिल्हा परिषदेची निवडणूक आणि वस्तीचा हिशेब
(संविधान दिनानिमित्त विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला 'संविधान आणि आपण' असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे आणि त्यावर बोलायला आमच्यापेक्षा विद्वान मंडळी येथे बसलेली आहेत. आम्ही बँकेतले लिपिक, कला शाखेचे पदवीधर. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी कॅश टॅली झाली की घर गाठायचे, एवढाच आमचा व्यवसाय. तेव्हा आमच्या मगदुराप्रमाणे आम्ही संविधानाच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी बोलणार आहोत. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका आल्या की आपली वस्ती उमेदवाराकडे काय मागते, आणि काय मागायचे विसरते, हा तो कोपरा. संयोजकांनी रागावू नये.

गोष्ट फेब्रुवारी २०१७ मधली आहे. २१ फेब्रुवारीला पुणे जिल्हा परिषदेचे मतदान होते. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला, नोकरी बारामतीत. त्या वेळी नोटाबंदीला तीन महिने झाले होते. आठ नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर आमच्या काउंटरपुढे ज्या रांगा लागल्या त्या अजून पुरत्या मोडल्या नव्हत्या, आणि बचत खात्यातून आठवड्याला २४ हजारांच्या वर रक्कम काढता येत नव्हती. कदाचित त्यामुळेच असेल, एका उमेदवाराच्या माणसाने आमच्या वस्तीत निरोप आणला तो रोख रकमेचा नव्हता. विहाराच्या भिंती उभ्या होत्या, वर पत्रा होता, स्लॅब राहिला होता. निरोप असा होता की, स्लॅबचे सिमेंट आणि सळई टाकून देतो. वस्तीचे मतदान एकगठ्ठा झाले पाहिजे. उमेदवार कोण, पक्ष कोणता, हे आम्ही सांगणार नाही. त्याने आजच्या विषयात काही फरक पडत नाही, आणि पुढच्या वेळी असा निरोप दुसऱ्या बाजूनेही आला होता.

रात्री विहारात बैठक बसली. बायामाणसे धरून ७३ जण होते. आम्हीच मोजले, मोजायची सवय जडलेली आहे. आमचे एक चुलते, ज्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणाले, "देणारा देतोय तर घ्या की. आजवर कुणी काय दिलंय? मत काय आत कुणी बघायला येतंय व्हय?" बहुतेकांना ते पटले. मग कॉलेजात जाणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "तात्या, तुमचं एकट्याचं मत कुणाला कळत नाही, पण केंद्राचं कळतं. मशीनची मोजणी केंद्रवार होते. आपल्या केंद्रावर आपली ११८ मतं. कुठली कुठं गेली ते त्यांना दुसऱ्या दिवशी तोंडपाठ असतंय."

मुलगा खरे बोलत होता. गुप्त मतदानाचा हक्क कायद्याने आपल्याला माणशी दिला, परंतु वस्ती ज्या केंद्रावर मतदान करते त्या केंद्राचा आकडा उघडा असतो. गावकुसाच्या कडेला एकत्र राहणाऱ्या माणसांची मते यंत्रात शिरूनही पुरती लपत नाहीत. ज्यांची घरे गावभर विखुरलेली आहेत त्यांना या अडचणीची कल्पना येणार नाही.

तेवढ्यात आम्हाला, बँकेतला माणूस म्हणून, हिशेब मांडायला सांगण्यात आले. सिमेंट-सळई धरून साधारण सव्वादोन लाखांचे सामान होत होते. ते ११८ मतांवर वाटले तर मतामागे एकोणीसशे रुपये आणि वर काही. पाच वर्षांनी भागले तर वर्षाला ३८१. दिवसाला रुपयाच्या थोडेसे वर. आम्ही हा आकडा सांगितल्यावर काही जण हसले, काहींनी मान खाली घातली. आम्हालाही जरा जोर चढला. आम्ही निवडणुकीच्या खर्चावरच बोलायला लागलो. सांगितले की, पुणे जिल्हा परिषदेच्या गटातल्या उमेदवाराला या वेळी ६ लाखांची खर्चमर्यादा आहे, पंचायत समितीच्या गणाला ४ लाखांची (ही मर्यादा पुढे वाढली). उमेदवाराने निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडायचे असते आणि निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा असतो. नाही केला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. आता एकट्या आपल्या वस्तीला जर सव्वादोन लाख, तर तीस-चाळीस हजार वस्तीच्या गटात बाकीच्या गावांना किती, आणि हे सगळे सहा लाखांत कसे बसते, हा प्रश्न आम्ही विचारला. अशी निवडणूक खाती आम्ही उघडून दिलेली आहेत. त्यांत किती रक्कम येते-जाते हे सांगणे नोकरीच्या नियमात बसत नाही. एवढेच म्हणतो की आमच्या हाताला त्यांनी कधी फारसा त्रास दिला नाही.

आम्ही असे रंगात आलो असताना दाराजवळून आक्का बोलल्या. आक्का म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांच्या थोरल्या बहिणीसारख्या. उसाच्या खुरपणीला जातात, अक्षरओळख साक्षरतेच्या वर्गातली. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याच्या खात्याचा हिशेब मागताय ते बरोबरच हाय. पण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब गेली तीन वर्सं कुठं वाचलाय?"

वर्गणीची वही आमच्याकडेच होती. आमच्याच घरी, ट्रंकेत.

बंधू-भगिनींनो, बँकेत पाच रुपयांचा फरक आला तर आम्ही सगळी व्हाउचरे पुन्हा एकेक करून तपासतो आणि रात्री नऊ वाजले तरी घरी जात नाही. तो आमचा मोठेपणा नव्हे, नोकरीच तशी आहे. परंतु वस्तीच्या वहीकडे आम्ही तीन वर्षांत तेरीज मारण्यापुरतेही पाहिले नव्हते. कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. विश्वासाने चालले आहे, असे आम्ही म्हणत होतो. गावातले सत्ताधारी अगदी हेच म्हणतात, हे त्या रात्री ध्यानात आले.

वही आणली. वाचली. ६ हजार ४०० रुपयांचा मेळ लागेना. त्यातले ४ हजार एका घराला दवाखान्यासाठी दिले होते. कार्यकारिणीतल्या दोघांना तोंडी विचारून दिले होते आणि ते देणे योग्यच होते, परंतु कोठे नोंद नव्हती. राहिले २ हजार ४००. आम्ही शरमून म्हणालो की ते आम्ही खिशातून भरतो. आक्का म्हणाल्या, "पैसं भरलं म्हंजी हिशेब झाला व्हय? कुठं गेलं ते सांगा." त्यांचे हे वाक्य आम्ही बँकेच्या परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. पुढे आठवडाभर शोध घेतला तेव्हा लाउडस्पीकरवाल्याला दिलेले १ हजार ५०० सापडले. उरलेल्या ९०० रुपयांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही आणि तसेच वहीत लिहून ठेवले आहे.

असो. त्या रात्रीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्लॅब घ्यायचा की नाही? हात वर करून मत घेतले तेव्हा पन्नासेक हात 'घ्या' म्हणून वर झाले. 'नको' म्हणणारे नऊ. बाकीचे जमिनीकडे बघत होते. आमचे एक निवृत्त गुरुजी बैठकीला होते, त्यांनी हरकत घेतली. म्हणाले, "तात्यांच्या डोळ्यांदेखत कोण हात वर करील 'नको' म्हणून? निम्मी पोरं त्यांच्या ओळखीनं कामाला लागलेली. चिठ्ठ्या टाका." गुरुजींनी मग विनयपिटकाची आठवण करून दिली. संघात मतभेद झाला तर शलाका वाटून बहुमत घेत. त्यात उघड, गुप्त आणि कानात सांगून अशा तीन पद्धती सांगितलेल्या आहेत. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भिक्खूसंघाच्या या सभाशास्त्राचा उल्लेख केला आहे. आम्ही शाळेच्या वहीची पाने फाडून ७३ चिठ्ठ्या केल्या. मोजल्या तेव्हा 'घ्या' २९, 'नको' ४२ आणि दोन कोऱ्या.

हा निकाल ऐकून सर्वांत जास्त आश्चर्य वस्तीलाच वाटले.

याचा परिणाम गोड झाला असे आम्ही सांगणार नाही. मतदानानंतर केंद्राचा आकडा फुटला, वस्तीची मते तीन ठिकाणी वाटली गेल्याचे कळले, आणि दोन महिन्यांच्या आत आमच्या दोन पोरांना ते ज्या शेतावर रोजंदारीने जात होते तेथे येऊ नका म्हणून सांगण्यात आले. कारण कोणी सांगितले नाही. तात्या आम्हाला पारावर भेटले तेव्हा म्हणाले, "बघा, म्हनलं नव्हतं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचा पगार महिन्याच्या अखेरीस खात्यात जमा होतो; त्या दोघांचा होत नव्हता. 'नको' लिहिण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. एका पोराला पुढे बारामतीच्या एम.आय.डी.सी.त काम मिळाले, दुसऱ्याला वर्षभर मिळाले नाही.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले तिकडे वळू. उमेदवाराचे सव्वादोन लाख आपण नाकारले, ठीक. पण कायद्याने जे आपलेच आहे त्याची चौकशी आपण कधी केली होती? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. समजा ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला १२ लाख आहे, घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडे सगळे धरून. तर १५ टक्क्यांचे झाले १ लाख ८० हजार. पाच वर्षांचे ९ लाख. हे कोणाच्या खिशातून येत नाही व त्यासाठी कोणाला गठ्ठा द्यावा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले २० टक्के याच कामासाठी राखलेले असतात. शिलाई मशीन, सायकल, पिठाची गिरणी, मोटारपंप हे आपल्याला 'साहेबांनी दिले' म्हणून माहीत आहे, ते या पैशातले. शिवाय दलित वस्ती सुधार योजना १९७४ पासूनची. तिचे नाव पुढे बदलले. २०११ च्या शासन निर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे २ लाखांपासून २० लाखांपर्यंत अनुदान ठरवून दिले होते. रस्ता, गटार, पाणी, दिवे, समाजमंदिर ही कामे त्यात बसतात.

२० टक्क्यांच्या योजनेविषयी एक गोष्ट बँकेच्या काउंटरवरून दिसते ती सांगून टाकतो, विषय जरा बाजूला गेला तरी. डिसेंबर २०१६ नंतर वस्तू देण्याऐवजी पैसे थेट खात्यात देण्याचे धोरण आले. म्हणजे लाभार्थीने आधी स्वतःच्या पैशाने मशीन घ्यायचे, पावती जोडायची, मग रक्कम खात्यावर येणार. मधली दलाली थांबावी म्हणून हे केले आणि हेतू चांगलाच होता. परंतु ज्या बाईकडे मशीनचे आठ-दहा हजार आधीच आहेत तिला योजनेची गरज किती, आणि जिच्याकडे नाहीत तिने ते आणायचे कोठून? अशा बाया आमच्याकडे पासबुक भरायला येतात आणि विचारतात, "पैसं आलं का?" आम्ही मशीनमध्ये पासबुक घालतो. सावकाराचे व्याज तोवर चालू असते. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न खरे तर हा आहे. आमच्या आठवणीत तो कोणत्याही सभेत कोणी विचारलेला नाही.

त्या निवडणुकीनंतर आम्ही पाच जणांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, एक पानी अर्ज : मागील तीन वर्षांचा मागासवर्गीय १५ टक्के निधीचा जमा-खर्च, रोकडवहीच्या प्रतींसह. रोकडवही म्हणजे नमुना ५, हे आम्हाला माहीत होते. म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांनी जरा निरखून पाहिले. तीस दिवसांत उत्तर आले नाही. पंचायत समितीत अपील केल्यावर आले. दोन रुपये पानाप्रमाणे २२ पाने.

त्या २२ पानांत काय होते? एका वर्षी पथदिवे. त्यांतले दोन खांब आमच्या वस्तीत नव्हते, कोठे आहेत ते संध्याकाळी दिवे लागल्यावर सर्वांना दिसते. दुसऱ्या वर्षी मागासवर्गीयांसाठी सामुदायिक भांडी : पातेली, बादल्या, पराती, झारे. ही भांडी आम्ही कधी पाहिलेली नव्हती. ती पंचायतीच्या गोडाऊनमध्ये होती आणि गावातल्या लग्नाकार्यांना जात होती, आमची लग्ने सोडून. तिसऱ्या वर्षी रक्कम अखर्चित, पुढे ओढलेली. पैसे खाल्ले असे त्या कागदांवरून म्हणता येत नव्हते, आणि आम्ही तसे म्हटलेही नाही. ज्यांच्या नावाने खर्च पडला त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढे मात्र स्वच्छ दिसत होते.

ग्रामसभा व्हायची होती. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. आमच्या गावात ती रजिस्टरवर नेहमी पूर्ण असते. जमिनीवर बसलेली माणसे मोजली तर तीस-पस्तीस. आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, तीही रजिस्टरवर होते. या वेळी आक्का आमच्या वस्तीतल्या चौदा बाया घेऊन तिथे जाऊन बसल्या आणि भांड्यांचे विचारले. दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत आम्ही १५ टक्क्यांची पाने वाचली. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही बँकेतली माणसं, तुम्हाला कायदा कळतो, गावात भांडणं कशाला लावता?" आम्ही शांतपणे म्हणालो की, दादा, उसाला टनामागे दोनशे रुपये कमी पडले तर भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण अहवालाचे पान न् पान काढता, माळेगावला, सोमेश्वरला हेच चालते, आणि ते योग्यच आहे. सभासद आहात. आम्ही या ग्रामसभेचे सभासद आहोत. यावर ते गृहस्थ हसले आणि खाली बसले. चांगला माणूस आहे.

आठ दिवसांनी टेम्पोत घालून भांडी विहारात आली. सहा पातेल्यांना झाकणे नव्हती. अखर्चित रकमेतून गटाराचे काम झाले, तेही निम्म्या लांबीचे. राहिलेल्या निम्म्याचा अर्ज अजून चालू आहे.

आता थोडे मागे जाऊन एवढ्यासाठी पाहिले पाहिजे की, हा हिशेब आपल्याकडे आज नव्याने आलेला नाही. बाबासाहेब हे मुळात सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे विधेयक आले तेव्हा अस्पृश्यांना खास प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायतींच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते सर्वांना ठाऊक आहेत. पण ३० मे १९४९ रोजी ते नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाविषयी जे बोलले ते फारसे कोणी सांगत नाही. संविधानातला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोलाचे, असा त्यांचा अभिप्राय होता. कारण मंजूर झालेला पैसा मंजूर झालेल्या कामावरच गेला की नाही हे पाहणारा तो माणूस. आम्हाला कारकून म्हणून हे वाचून फार बरे वाटले, हे लपवत नाही.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला १९६१ चा तो कायदा. परंतु निवडणुका लांबवण्याची खोड जुनीच आहे. १९७९ नंतरची जिल्हा परिषद निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. त्यानंतर ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली, पाच वर्षांची मुदत घटनेत लिहिली गेली, राखीव जागा आल्या, १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. वाटले, आता हे संपले. तरीसुद्धा मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले, तोवर तीन वर्षे उलटली होती. त्या काळात जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक म्हणून मंजूर करीत. काही जण म्हणाले, बरे झाले, राजकारण नाही. पण सभागृहच नसेल तर २० टक्क्यांवर बोलायला उभे राहणार कोण? वाईट का होईना, सदस्याला गाठून विचारता येते. प्रशासकाला आपण गाठावे कोठे?

आणि विचारायचे ते कसे, याचा धडा राजस्थानातल्या मजुरांनी घालून दिला. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना येथे मजूर किसान शक्ती संघटनेने जाहीर सुनावणी भरवली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांची नावे हजेरीपटावर होती तीच माणसे पुढे बसलेली. एकेक जण उठून म्हणू लागला की, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. वाचून दाखवणे, एवढेच त्या सभेत केले गेले. त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी उभी राहिली. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा. आता ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशाची बिले ई-ग्रामस्वराजवर मोबाइलमध्येही दिसतात. आमचा पुतण्या दोन मिनिटांत काढून दाखवतो. पण पडद्यावरचा आकडा वाचणे आणि चावडीपुढे तो मोठ्याने वाचणे यात मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या ठिकाणी ज्याच्या नावावर खर्च पडला तो समोर बसलेला असतो.

तात्यांविषयी एक शब्द, नाहीतर आमच्यावर अन्याय केल्याचा दोष येईल. तात्या लोभी नव्हते. उजनीच्या धरणाच्या कामावर त्यांनी उमेदीची वर्षे माती वाहिली. पाणी कोणाच्या उसाला गेले ते त्यांनी पाहिले. त्यांचा हिशेब असा की, मोठे काही आपल्या वाट्याला येत नाही, तर निदान हातात पडते ते सोडू नये. हा हिशेब चुकीचा आहे हे आम्हाला कागदावर सिद्ध करता येते, त्यांच्या आयुष्यावरून करता येत नाही. २०१९ मध्ये स्लॅब पडला तो दोन वर्षांच्या वर्गणीतून, आणि सर्वांत मोठी वैयक्तिक पावती तात्यांच्या नावची आहे. ५ हजार १. पावती फाडताना म्हणाले, "नोंद नीट कर. नायतर आक्का इचारील."

तेव्हापासून आमच्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेनंतर महिन्याचा जमा-खर्च वाचला जातो. कंटाळवाणे काम आहे. लहान मुले उठून जातात. कधी कधी एकूण व्यवहारच ३४० रुपयांचा असतो, तरी वाचतो.

शेवटी एक काम आहे आणि ते आजच तुमच्या कानावर घालणे भाग आहे. संस्थेच्या ज्या स्मरणिकेत हे भाषण छापायचे ठरले आहे तिच्यासाठी पूर्ण पानाच्या दोन जाहिराती आल्या आहेत. दोन्ही निवडणुकीत उभे राहू इच्छिणाऱ्यांच्या, एकमेकांच्या विरोधातल्या. मजकूर फक्त शुभेच्छांचा आहे, रक्कम धनादेशाने आहे, आणि त्या दोन पानांवर छपाईचा निम्मा खर्च भागतो. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे, उघड जाहिरात, उघड पावती, यात गैर काय? दुसऱ्याचे म्हणणे, मग स्लॅबने काय घोडे मारले होते? आमचे स्वतःचे मत अजून ठरलेले नाही. रविवारी सायंकाळी पाच वाजता यावर बैठक आहे. पावतीपुस्तक, कोटेशन आणि वही टेबलावर ठेवलेली असेल. चिठ्ठ्यांसाठी कागद आम्ही आणू, पेन्सिली ज्याच्या त्याने आणाव्यात.

जयभीम.